टोमॅटो खा, मिठाची पुडी बघा : मुतखड्याचं घरचं पथ्य

मला पहिली कळ आली ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी, यावलकडच्या एका केळीच्या बागेत. ठिबकच्या नळ्या धुवायचं काम चालू होतं. सकाळपासून पोटात दोन कप चहा आणि अर्धी बाटली पाणी, बस. उजव्या कुशीत कोणी ओलं फडकं पिळतंय असं वाटलं, मग कळ जांघेकडे उतरली, उलटी झाली. बसवेना, झोपवेना, उभं राहवेना. सोनोग्राफीत ५ मिलिमीटरचा खडा निघाला. नवव्या दिवशी तो पडला. पण त्या नऊ दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकेक पदार्थ बंद करून टाकला. टोमॅटो, वांगी, भेंडी, पेरू, दूध. शेवटी ताटात भाकरी आणि सल्ले एवढंच उरलं. दिवसाला पाणी किती पितोस, हे मात्र कोणी विचारलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे बऱ्याच खेपा झाल्या. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना दहा वर्षांत तो पुन्हा होतो. म्हणून हे लिहितोय. ज्याला नुकताच रिपोर्ट हातात मिळालाय त्यानं कशानंतर काय करायचं, या क्रमानं.

आधी ठरवा : घरी थांबायचं की गाडी काढायची

आहारानं पुढचा खडा टाळता येतो, आत अडकलेला बाहेर ढकलता येत नाही. कळ आली की दवाखाना आणि दुखणं थांबवणारं औषध, हाच रस्ता. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका. उन्हात शरीर कोरडं पडलेलं असताना त्यातल्या काही गोळ्या किडनीवरच उलटतात.

खाली लिहिलेल्यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका: दुखण्यासोबत थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण बंद, पाण्याचा घोटसुद्धा पोटात न टिकणं, गरोदर बाई, किंवा एकच किडनी असलेला माणूस. खड्यामागे लघवी तुंबून तिथे जंतू झाले तर काही तासांत जिवावर बेततं. ताप हे मुतखड्याचं साधं लक्षण नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. ५ ते १० मधले साधारण निम्मे. त्याहून मोठा असेल तर बहुतेक वेळा डॉक्टरांनाच काढावा लागतो, तिथे ‘अजून महिनाभर काढा घेऊन बघू’ म्हणत बसायचं नसतं. आणखी एक. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी ढोसू नका. त्यानं खडा लवकर सुटत नाही, मागे दाब वाढून दुखणं मात्र वाढतं. तहानेपुरतं प्या. पाण्याचा खरा हिशोब कळ थांबल्यावर सुरू होतो.

खडा हातातून जाऊ देऊ नका

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मीही गाळणार होतो. बायकोनं जुनी चहाची गाळणी पुढे केली म्हणून वाचलो. कळ आल्यापासून प्रत्येक लघवी गाळणीतून किंवा दुहेरी पातळ फडक्यातून करायची. खडा दिसायला बाजरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, खरबरीत. धुऊन, वाळवून, कोरड्या डबीत ठेवायचा आणि डॉक्टरांना सांगून लॅबमध्ये तपासायला द्यायचा.

कारण सगळे खडे एक नसतात. बहुतेकांचा कॅल्शियम ऑक्सलेटचा असतो, म्हणजे कॅल्शियम आणि पालकासारख्या भाज्यांत असणारं ऑक्सलेट हे द्रव्य मिळून झालेला. काहींचा युरिक ॲसिडचा, तो मधुमेह आणि वजन जास्त असलेल्यांत अधिक दिसतो. काही खडे लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे होतात. पथ्य खड्याच्या जातीवर ठरतं. शेजाऱ्याचं पथ्य शेजाऱ्याच्या खड्यासाठी होतं. पुन्हा पुन्हा खडा होत असेल तर डॉक्टर २४ तासांची लघवी आणि रक्तातलं कॅल्शियम, युरिक ॲसिडही तपासायला सांगतात. खर्च वाटतो खरा, पण एका ऑपरेशनपेक्षा कमी.

इथून पुढचं मुख्यत्वे कॅल्शियमच्या खड्याबद्दल आहे.

पाणी : किती प्यायलो हे नाही, किती गेलं ते मोजा

सगळीकडे ‘दिवसाला तीन लिटर पाणी’ लिहिलेलं असतं. डिसेंबरात घरी बसलेल्या माणसाला ते ठीक आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शेतात, गाडीवर, भट्टीपुढे काम करणाऱ्याचे दोन-तीन लिटर घामातच जातात. मग किडनीच्या वाट्याला काय उरलं? म्हणून डॉक्टर लघवीचा आकडा सांगतात: २४ तासांत किमान २.५ लिटर. पाणी तेवढं प्या की लघवी एवढी व्हावी. ऋतू बदलला की पिण्याचा आकडा बदलेल, हा बदलत नाही.

मोजायचं कसं? एखाद्या सुट्टीच्या दिवशी एक लिटरची खूण असलेलं प्लास्टिकचं मापटं न्हाणीघरात ठेवा. सकाळची पहिली लघवी सोडून द्या, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी मोजा, कागदावर लिहा. लाज वाटते, एक दिवस वाटू द्या. माझी पहिल्यांदा भरली ९०० मिलिलिटर. मी ‘भरपूर पाणी पिणारा’ माणूस होतो! रोज मोजायची गरज नाही. रंग बघा: वाळलेल्या कडब्यापेक्षा फिकट हवा. चहाच्या रंगाकडे झुकली तर तुम्ही उशीर केलाय.

तहान लागली की पिऊ, या हिशोबानं हे जमत नाही. मी दोन बाटल्या ठरवल्या आहेत, दीड-दीड लिटरच्या, ओलं फडकं शिवून गुंडाळलेल्या. उठल्यावर चहाआधी दोन ग्लास. पहिली बाटली अकराच्या आत संपवायची, दुसरी चारच्या आत. उन्हाळ्यात तिसरी बागेतल्या विहिरीवरून भरून. संध्याकाळी घरी दोन ग्लास, झोपताना एक आणि रात्री लघवीला उठलो की परत अर्धा. रात्रीचं पाणी लोक टाळतात, पण लघवी सगळ्यात घट्ट होते ती रात्रीच. एकदा झोपमोड होणं हे या पथ्याचं भाडं समजा.

इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षं चाललेला एक अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. पहिला खडा झालेल्यांपैकी ज्यांनी नुसतं पाणी वाढवलं त्यांच्यात १२ टक्क्यांना तो परत झाला. ज्यांना काही सांगितलं नाही त्यांच्यात २७ टक्क्यांना. औषध नाही, काढा नाही, फक्त पाणी.

आपल्याकडे बाया पाणी कमी पितात त्याचं कारण आळस नाही. शेतात आडोसा नसतो, बसस्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही, लग्नाच्या मांडवात तर विचारायलाच नको. ‘पाणी पी गं’ म्हणण्याआधी ती जाणार कुठे हे बघा. निंदणीला जाणाऱ्या बायांसाठी मळ्यात साध्या नेटचा आडोसा केला तरी फरक पडतो.

ज्यांना हृदयाचा किंवा किडनी कमी काम करण्याचा त्रास आहे, पायावर सूज येते, त्यांनी हा पाण्याचा भाग वाचून सोडून द्यायचा आणि डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी प्यायचं.

आता बोअरचं पाणी. ‘आमच्याकडचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर येतो, म्हणून खडे होतात’ हे मीही म्हणायचो. तो भांड्यावरचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, किडनीतला खडा कॅल्शियम ऑक्सलेटचा. नाव सारखं, वस्तू वेगळी. जड पाण्यानंच खडा होतो असं अभ्यासांतून ठाम दिसलेलं नाही. मुतखड्यासाठी म्हणून हप्त्यावर आरओ घ्यायची गरज नाही. पाणी स्वच्छ आणि पुरेसं हवं.

मिठाची पुडी

पाण्याच्या खालोखाल मीठ, आणि खान्देशी स्वयंपाकघरात हे अवघड प्रकरण आहे. मिठातलं सोडियम लघवीतून जाताना आपल्यासोबत कॅल्शियमही ओढून नेतं. मीठ जास्त, तर लघवीत कॅल्शियम जास्त, तर खड्याला माल तयार.

दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही मर्यादा. चमच्यानं कोण मोजतं? त्यापेक्षा सोपं: नवीन एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेननं तारीख टाका. घरात चार माणसं असतील तर माणशी ५ ग्रॅमनं ती ५० दिवस पुरायला हवी. खरं तर त्याहून जास्त, कारण लोणचं, पापड, शेव, फरसाण यांतलं मीठ पुडीबाहेरचं आहे. आमची पहिली पुडी २६ दिवसांत संपली. आईनं तारीख दोनदा वाचली आणि ‘तूच चुकीची टाकली असशील’ म्हणाली. दुसरी पुडी २९ दिवसांत संपली तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त ताटातली मिठाची वाटी उचलली गेली.

कुठून कमी करायचं? शेवभाजीत शेवेचं मीठ असतंच, रश्श्यात निम्मं घाला. उडदाच्या पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, तोही सोडियमच. पापड रोजचा न ठेवता रविवारचा करा. वरण-बट्टीला बट्टीत मीठ घातलं तर वरणात हात आखडा. ठेच्याला मिठाऐवजी लसूण आणि लिंबू जरा जास्त. ताक बिनमिठाचं, जिरं वाटून. जीभ कुरकुरते पंधरा-वीस दिवस, मग बाहेरची भाजी खारट लागायला लागते. मात्र उन्हात घाम गाळणाऱ्यानं मीठ तोडून टाकायचं नाही. कमी करायचं आहे, बंद नाही.

दूध-ताक चालू, आणि जेवणासोबतच

खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध बंद. ऐकायला अगदी बरोबर वाटतं आणि नेमकं उलटं आहे. आतड्यात कॅल्शियम आणि ऑक्सलेट भेटले की तिथेच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ऑक्सलेट मोकळं सुटतं, रक्तात शोषलं जातं आणि किडनीत पोचतं. तिथे त्याला कॅल्शियम भेटतंच.

इटलीतल्याच आणखी एका अभ्यासात वारंवार खडे होणारे १२० पुरुष होते. निम्म्यांना दूधदुभतं कमी करायला सांगितलं. निम्म्यांना कॅल्शियम नेहमीइतकं, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांनी पहिल्या ६० पैकी २३ जणांना खडा परत झाला होता, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. हे २००२ साली छापून आलं. आपल्याकडे दूध तोडायचा सल्ला अजून चालूच आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका २०० मिलिलिटर ग्लासभर दुधात अंदाजे २४० असतं. तेव्हा दोन्ही जेवणांत वाटीभर दही किंवा मोठा ग्लास ताक, आणि एकदा दूध, एवढं ठेवा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, घोटलेली भाजी आणि ताक हे आपल्या आजीचं जेवण त्या दृष्टीनं बरोबर बसतं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी घेतलेली गोळी आणि जेवणासोबत घेतलेली गोळी यांत फरक आहे.

आता ऑक्सलेट. सगळ्यात वरचा नंबर पालकाचा, १०० ग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅमहून जास्त. राजगिऱ्याची भाजी, चुका, अळू, बीट, बदाम हेही वरच्या रांगेतले. शेंगदाणे, काजू, तीळ, रताळी, चॉकलेट त्यांच्या खाली, पण मूठ मोठी झाली की तिथेच पोचतात. मेथी, कोबी, दुधी, गिलकी (घोसाळी), दोडकी, गंगाफळ (लाल भोपळा), काकडी, मुळा, कांदा यांची काळजी नको.

पालक कधीतरी खायचाच असेल तर असा करा. निवडून, चिरून, भरपूर उकळत्या पाण्यात टाका, पाच-सात मिनिटांनी चाळणीत ओता आणि ते हिरवं पाणी मोरीत सोडा. ऑक्सलेटचा बराचसा भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. ‘जीवनसत्त्वं गेली’ म्हणून ते पाणी कणकेत घालू नका, आमच्याकडे घातलं होतं! मग डाळ-शेंगदाणे घालून घोटा, शेंगदाणे निम्मे, आणि सोबत दही. तरी महिन्यातून एक-दोनदाच.

शेंगदाण्याची चटणी सोडा असं खान्देशात सांगणं म्हणजे भांडण काढणं. मी सोडलेली नाही. एक चमचा, दह्यात कालवून.

उपवासाचं ताट

इथे थोडं थांबायला हवं, कारण श्रावण आणि नवरात्रात आपण नकळत खड्याला लागणारं सगळं एका ताटात वाढतो. साबुदाण्याच्या खिचडीत वाटीभर दाण्याचं कूट, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, वरून शेंगदाण्याची आमटी. आणि उपवास म्हणून पाणीही कमी. माझ्या मावशीला खडा दोनदा झाला, दोन्ही वेळा दसऱ्याच्या आसपास. डॉक्टरांनी तिला विचारलं ‘नवरात्रात काय खाता?’ तेव्हा कुठे धागा लागला.

उपवास सोडायला कोणी सांगत नाही. भगर करा, सोबत दाण्याच्या आमटीऐवजी दह्यातली काकडी. केळी खा, केळ्यात ऑक्सलेट कमी आहे आणि आपल्याकडे तर ती दारातच. दूध, ताक चालतंच. राजगिऱ्याचा लाडू एखादा, तोही दुधासोबत. निर्जळी मात्र मुतखडा झालेल्यानं धरू नये. रोजे धरणाऱ्यांनी इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी टप्प्याटप्प्यानं भरून काढावं, आणि किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

भरीत-पार्टीला जायचं का?

जायचं. टोमॅटो आणि वांगी यांच्यावर बियांमुळे आळ आलाय. बी खड्यासारखी दिसते एवढाच तिचा गुन्हा. बिया पोटात पचतात नाहीतर शौचावाटे जातात, किडनीत कधीच पोचत नाहीत. टोमॅटोत ऑक्सलेट अगदी कमी असतं, वांग्यातही पालकाच्या मानानं किरकोळ. भरताबरोबर येणारं मीठ, तळलेले शेंगदाणे आणि रात्रभर शेतात पाणी न पिता बसणं, लक्ष तिकडे ठेवा. कळण्याच्या पुऱ्या खा, कांद्याची पात खा, आणि गाडीत बाटली ठेवा.

मटणाचं वेगळं. प्राण्यांच्या प्रथिनांनी लघवी आम्लयुक्त होते, युरिक ॲसिड वाढतं आणि खडा रोखणारं सायट्रेट कमी होतं. काळ्या मसाल्याचं मटण आठवड्याला एकदा, चार फोडी. युरिक ॲसिडचा खडा असेल तर त्याहून कमी, कलेजी-भेजा नाहीच. डाळींना मात्र घाबरू नका.

लिंबू, काढे आणि ठिबकचं ॲसिड

ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की आम्ही ॲसिड सोडतो. सोडलं की ड्रिपर मोकळे. त्यामुळे माझ्या ओळखीच्या निम्म्या शेतकऱ्यांची पक्की समजूत आहे की लिंबू प्यायलं की किडनीतला खडाही असाच विरघळतो. नाही विरघळत. ड्रिपरमध्ये कार्बोनेट असतं, ते आम्लात फसफसून जातं. ऑक्सलेटचा खडा लिंबाला दाद देत नाही. औषधानं विरघळू शकतो तो युरिक ॲसिडचा खडा, आणि तोही लघवी आम्ल करून नाही, उलट आम्लता कमी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून घरी खायचा सोडा पाण्यात टाकून पिऊ नका. त्यातून पुन्हा सोडियमच जातं.

तरीही लिंबू प्याच. त्यातलं सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं, नवीन खडा जमू देत नाही. दिवसाला दोन लिंबांचा रस दोन लिटर पाण्यात, दिवसभर थोडा थोडा, मीठ नाही, साखरही नको, घातलीच तर अगदी चिमूटभर. दात आंबले तर साध्या पाण्यानं चूळ भरा. रसवंतीतला उसाचा रस, कोल्ड्रिंक, चौकातला मसाला सोडा यांना पाण्याच्या हिशोबात धरू नका. साखर खड्याला मदतच करते आणि सोड्यात मीठ असतं. दोन कप दुधाचा चहा चालतो.

कुळीथ म्हणा की हुलगे, त्याचं कढण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. अन्न म्हणून चांगलंच आहे, पाणीही पोटात जातं. त्यानं खडा फुटतो याला भक्कम पुरावा नाही. केळीच्या खांबाच्या रसाचंही तेच. रावेर-यावल पट्ट्यात तो फुकट मिळतो म्हणून लोक बादलीभर काढतात, पण त्यावरचे प्रयोग बरेचसे उंदरांवरचे आहेत. पानफुटीची पानं चावून खाणाऱ्यांना मी हात धरून थांबवतो. त्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जनावरांना त्यांची विषबाधा झाल्याची नोंद आहे. आणि ताकद यावी म्हणून क जीवनसत्त्वाच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, शरीरात त्याचं ऑक्सलेट बनतं.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे सांगणारा आकडा) वाढलेलं असेल तर केळी, लिंबू, नारळपाणी यांतलं पोटॅशियम अडचणीचं ठरू शकतं. अशा वेळी या लेखातलं काहीही सुरू करण्याआधी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.

पुढचे सहा महिने

सगळं एकदम करू नका, आठव्या दिवशी सगळंच सुटतं. पहिले पंधरा दिवस फक्त पाणी. मग मिठाच्या पुडीवर तारीख. त्यानंतर दोन्ही जेवणांत दही-ताक. पालक-राजगिरा शेवटी बघा. महिन्यानं पुन्हा एक दिवस मापटं काढा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा, सोनोग्राफी. दुखत नाही म्हणजे खडा नाही असं नसतं; किडनीतच बसलेला खडा वर्षभर गप्प राहू शकतो.

माझा आकडा आता २,३०० ते २,६०० च्या मध्ये असतो, एप्रिल-मे सोडून. त्या दोन महिन्यांत अजून मार खातो. म्हणून यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी मापटं परत न्हाणीघरात गेलं, आणि सांजोऱ्या करायला माहेरी आलेल्या बहिणीनं विचारलं, ‘हे काय ठेवलंय इथे?’ सांगितल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःची मोजली. ७५० भरली.